फळ्यावरचं सहावं नाव

१

महाडच्या बाजारपेठेत ‘अनुबंध’ पतसंस्थेच्या ओट्यावर एक काळा फळा होता, आणि पेठ त्याला देवापेक्षा जास्त भीत होती. वर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं होतं, ‘थकीत कर्जदार व त्यांचे जामीनदार’. खाली खडूने नावं. ज्याने हप्ते थकवले त्याचं नाव, आणि शेजारी ज्या दोघांनी त्याच्यासाठी सह्या केल्या त्यांची. कर्जदाराला एक वेळ लाज वाटणार नाही, पण जामीनदाराची बायको त्याच्या दारात जाऊन बसली की पैसे बाहेर पडतात, हे संस्थेला अनुभवाने कळलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी सोमा शिपाई जुनी नावं पुसून नवी लिहायचा. भाजीला आलेला माणूस आधी फळा वाचायचा आणि मग मेथीचा भाव विचारायचा.

२००२ सालच्या दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी फळ्यावर पाच नावं असायला हवी होती. होती सहा.

सहावं असं होतं: ‘सौ. सरोज श्रीपत सकपाळ. जामीनदार: प्रयागबाई उतेकर, पोलादपूर, अनुपमा देशमुख, महाड.’

संस्थेची वसुली अधिकारी वैदेही पोतनीस पायऱ्या चढता चढता थबकली. तिने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा वाचताना तिला बरं वाटलं. दाढ ठणकत असताना लवंग धरावी तसं बरं.

कारण सरोज सकपाळ म्हणजे वैदेहीच्या डोळ्यातलं कुसळ. उमरठची ही सातवी शिकलेली पोरगी लग्न होऊन महाडात आली तेव्हा वैदेहीच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहिली होती. तिने संस्थेकडून पहिलं कर्ज काढलं ते पाच मोठ्या पातेल्यांसाठी. लग्नाकार्याला ती भाड्याने द्यायची. हप्ता पाच तारखेच्या आत. पावसाळ्यात कुणाची लग्नं होत नाहीत, तर ही बाई उन्हाळ्यातच पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढून ठेवायची. एक कर्ज फिटलं की दुसरं, आधीच्यापेक्षा थोडंसंच मोठं, आणि तेही अशाच वस्तूसाठी जी स्वतःचा हप्ता स्वतः मिळवील. आता वरंधपासून पोलादपूरपर्यंत कुठेही पंगत बसली, की भात सरोजच्या पातेल्यात शिजत असे.

वैदेही बी. कॉम. होती, तिला पगार होता. तिने हप्त्यावर घेतला होता एक भला मोठा रंगीत टीव्ही, तोही मैत्रिणीकडे, अनुपमा देशमुखकडे, आला म्हणून. त्याचे हप्ते कधी गणपतीत अडकत, कधी दिवाळीत. घराच्या दुरुस्तीसाठी तिने एका बँकेत कर्ज मागितलं, तेव्हा तिथल्या साहेबाने टीव्हीच्या त्या हप्त्यांकडे बोट दाखवून तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. दुसऱ्यांच्या हप्त्यांच्या मागे फिरणाऱ्या बाईला हे सहन कसं व्हावं?

आणि गेल्या शुक्रवारी तर कहर झाला. कार्यालय बंद होता होता सरोज आली ती पेठेतला गाळा विकत घ्यायच्या कर्जाचा अर्ज घेऊन. बरोबर जामीनदार म्हणून अनुपमा. वैदेहीची शाळेपासूनची मैत्रीण! दोन वर्षांपूर्वी वैदेहीने सहीसाठी विचारलं, तेव्हा ‘आमच्या घरी नाही गं चालत’ म्हणणारी. वैदेहीने अर्ज स्वतःच्या खणात ठेवला, कुलूप लावलं, आणि त्या रात्री घरी जेवताना तेच दळण दळत बसली.

संस्थेचे अध्यक्ष यज्ञेश्वर दातार, पेठेचे अण्णा, फळ्यासमोर काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, “सरोजचा एक हप्ता थकलेला नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आज चार वाजता मंडळाची बैठक आहे, गाळ्याचं कर्ज मंजुरीला आहे. फळ्यावर नाव असलेल्या बाईला मंडळ कर्ज देणार नाही. आणि आज मंजूर झालं नाही तर गाळ्याचा मालक तो दुसऱ्याला देणार.”

सोमा ओलं फडकं घेऊन पुढे आला. अण्णांनी त्याला थांबवलं. नुसतं पुसलं तर लोक म्हणतील बाईने थकबाकी भरली म्हणून पुसलं. कुणी लिहिलं ते कळलं, तरच हे नाव खरं पुसलं जाईल.

“वैदेही, खोटं बोलणारी माणसं तुम्ही रोज बघता. चारच्या आत मला नाव पाहिजे.”

वैदेहीने मान डोलावली. मनात मात्र ती म्हणत होती, नाही सापडलं तर काय बिघडलं?

२

पहिला सोमा. लिहिणारा तो, तेव्हा संशयही त्याच्यावर. सोमाने आईची शपथ घातली. शनिवारी त्याने चालू कर्जांच्या खात्यावरून पाच नावं उतरवली होती, खडूचा डबा नेहमीसारखा खिडकीच्या कोनाड्यात ठेवला होता आणि तो गावाला गेला होता. अक्षर पाहून काही कळण्यासारखं नव्हतं. सोमा काढायचा ती ठोकळा अक्षरं, आणि तशी अक्षरं वरची पाच नावं समोर ठेवून कुणीही काढील.

“सहावा नाव माज्या हातचा नाय, बाई,” सोमा म्हणाला. “सरोजवैनीचं नाव मी कशाला लिवू? पोरीच्या लग्नात पातेली फुकट दिलान् तिने.”

वैदेहीला हेही झोंबलं. फुकटसुद्धा देते म्हणे!

दुसरा संशयित रस्त्याच्या पलीकडेच बसला होता. राजेश कदम, मंडप आणि भांडीवाला. पंधरा वर्षं धंद्यात एकटा होता, सरोजने त्याचं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं होतं. तोच गाळा त्यालाही हवा होता, आणि मालक ज्या ‘दुसऱ्याला’ देणार होता तो दुसरा म्हणजे हाच. सकाळपासून अख्खी पेठ त्याच्याकडे बघून कुजबुजत होती.

वैदेही त्याच्या दुकानात शिरली तेव्हा तो ताटांच्या चळतीमागे तोंड पाडून बसलेला होता. तिने सरळच विचारलं.

“मला ती बाई डोळ्यासमोर नको वाटते,” राजेश म्हणाला. “खोटं कशाला बोलू? तिची हातगाडी दारावरून गेली की माझं जेवण कडू होतं. पण मॅडम, मला हे करायचं असतं तर मी काय माझ्याच दुकानासमोर केलं असतं?”

रविवारी दुपारभर तो दुकानात भांडी मोजत होता, असं त्याने सांगितलं. पेठ बंद, ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. पोतनीस साहेब तेवढे मासे घेऊन येताना चपलेचा अंगठा तुटला म्हणून पायरीवर टेकले होते. त्यांना त्याने हात केला आणि तो मागच्या गोदामात गेला. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

वैदेहीने मनात नोंद केली ती राजेशच्या कडू जेवणाची. माणूस स्वतःच्या तोंडाने मत्सर कबूल करतो, यापरतं काय हवं? ती उठली आणि जाता जाता सहज विचारलं, की सरोजचे जामीनदार कोण ते ठाऊक आहे का.

“ते कुणाला ठाऊक नाही? उमरठचा तिचा मामा, सोनबा. म्हातारा बाजाराला आला की चहाच्या दुकानात बसून सगळ्यांना सांगतो, भाचीचा जामीन मी म्हणून. दुसरी ती पोलादपूरची गिरणीवाली प्रयागबाई.”

वैदेही रस्त्याच्या मधोमध थांबली. समोर फळा दिसत होता. त्यावर सोनबाचं नाव कुठेच नव्हतं.

३

इतका वेळ तिच्या हे लक्षात कसं आलं नाही? कारण साधं होतं. शुक्रवारपासून अनुपमाचं नाव तिच्या डोक्यात इतकं घुमत होतं, की ते सरोजच्या शेजारी पाहून तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती ओट्याकडे वळली तर तिथे सरोज उभी. फळ्याकडे पाठ करून, पदर खांद्यावर घट्ट घेऊन. रडली असती तर वैदेहीला पुढचं सोपं गेलं असतं.

“बाई, माज्याकडं दागिना नाय, जमीन नाय,” सरोज म्हणाली. “लोकं उधार देतात ती ह्या नावावर. ता नाव मी दहा वर्षं जपलाव. कोन लिवलान् ता शोधा. गाळा मिळो नायतर ऱ्हावो.”

वैदेहीने तिला विचारलं, अनुपमा जामीन राहणार हे तू कुणाला सांगितलंस? सरोजने कुणालाही नाही म्हणून सांगितलं. अनुपमाताईंच्या घरी ठाऊक नव्हतं, कर्ज मंजूर होईपर्यंत कुणाला सांगणार नाही असा शब्द तिने दिला होता. अगदी नवऱ्यालाही तिने सांगितलेलं नव्हतं. तिचा शब्द कसा असतो हे वैदेहीला तिच्या हप्त्यांवरून ठाऊक होतं, हे वैदेहीचं दुर्दैव.

अनुपमा ती शिकवत असे त्या शाळेत भेटली, मधल्या सुट्टीत, आणि भेटताच तिने तोंड फिरवलं. तिचे सासरे सकाळी चवदार तळ्याला फेरी मारून येताना फळा वाचून आले होते. सुनेचं नाव खडूने लिहिलेलं, तेही पेठेत! त्यांनी घरात अन्नाला हात लावला नव्हता. सही मागे घेत असल्याचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं, ते तिने वैदेहीच्या हातात दिलं.

“पण मला एक सांग,” अनुपमा म्हणाली. “ते कर्ज अजून मिळालेलंच नाही. न घेतलेल्या कर्जाचे जामीनदार फळ्यावर कसे? तो अर्ज तुम्ही कुणाकुणाला दाखवता गं?”

शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर वैदेही बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वसुलीचं काम स्वतःवर करावं लागलं.

लिहिणाऱ्याने चूक केली होती. सरोजच्या चालू कर्जाला जामीन होते सोनबा आणि प्रयागबाई. फळ्यावर आली प्रयागबाई आणि अनुपमा, म्हणजे शुक्रवारच्या अर्जावरची जोडी. सोमाने लिहिलं असतं तर खात्यावरून उतरवलं असतं, सोनबाचं नाव आलं असतं. राजेशने लिहिलं असतं तर पेठेला ठाऊक असलेलं नाव लिहिलं असतं, म्हणजे पुन्हा सोनबाच. अनुपमा काय किंवा प्रयागबाई काय, स्वतःलाच चव्हाट्यावर मांडणार नव्हत्या. सरोज तर नाहीच. आणि तो अर्ज शुक्रवारपासून कुलपात होता, किल्ली वैदेहीच्या पर्समध्ये. अण्णांना तिने फक्त गाळ्याच्या कर्जाचा विषय कळवला होता, जामीनदारांची नावं नाहीत.

म्हणजे ती जोडी ठाऊक असलेलं एकच माणूस उरत होतं. वैदेही पोतनीस.

तिने तर लिहिलं नव्हतं. मग तिच्या तोंडून कुणी ऐकलं होतं?

तिला शुक्रवारचं जेवण आठवलं. ‘प्रयागबाई तर आहेच तिची, पण अनुपमा? माझी अनुपमा?’ हे ती ताटावर हात आपटून म्हणाली होती. समोर ऐकणारा एकच होता. आणि रविवारी पतसंस्थेच्या पायरीवर मासे घेऊन बसलेलाही तोच होता.

४

तिच्या नवऱ्याची, आमोदची, दुसरी पाळी होती. औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत तो स्टोअरकीपर होता, दुपारी दोनला निघायचा. वैदेही घरी पोचली तेव्हा तो डबा बांधत होता. तिने काही आढेवेढे घेतले नाहीत. दारात पडलेल्या त्याच्या चपला उचलल्या. दोन्ही अंगठे शाबूत होते, शिवल्याची खूण नव्हती.

“रविवारी अंगठा तुटला होता म्हणे,” ती म्हणाली.

आमोदने डबा खाली ठेवला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की राजेशने सांगितलं का.

वैदेही त्याच्यावर तुटून पडली. नोकरी जाईल माझी, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे काय सुचलं तुम्हाला? आमोद ऐकून घेत राहिला. मग फार शांतपणे बोलला.

“वैदेही, तीन वर्षं तू मला रोज सरोज वाढतेस. सकाळी सरोजची पातेली, रात्री सरोजचे हप्ते. तिचा श्रीपत बघा आणि तुम्ही बघा. शुक्रवारी तर तू जेवलीच नाहीस. मला वाटलं, एक दिवस तरी हिला तिचं नाव तिथे वाचू दे. एक दिवस तरी ही नीट जेवेल.”

वैदेहीने हातातल्या चपला खाली ठेवल्या. कारण हा माणूस चुकला नव्हता. सकाळी पायरीवर तिसऱ्यांदा ते नाव वाचताना तिला खरोखरच बरं वाटलं होतं. खडू त्याचा होता, मजकूर तिचा होता.

बाहेर पडली तेव्हा तिच्यासमोर दोन रस्ते होते. गप्प बसलं की सगळंच साधत होतं. कर्जाचा निर्णय पुढे ढकलला जाईल, गाळा राजेशला मिळेल, पेठ त्यालाच दोष देत राहील. नवरा वाचेल, नोकरी वाचेल, आणि सरोज पुन्हा हातगाडीवर. इतकी वर्षं देवाकडे जे मागायला लाजली, ते आज आपणहून हातात आलं होतं. चवदार तळ्याच्या कडेने ती चालली आणि ते हातात धरून पाहत राहिली. जड लागत होतं.

५

बैठकीला अण्णा आणि चार संचालक होते. अर्जदार म्हणून सरोजला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. दाराबाहेर राजेश उभा होता, कारण गाळ्याच्या मालकाने त्याला निकाल ऐकूनच ये म्हणून सांगितलं होतं.

वैदेहीने उभ्याउभ्याच सांगितलं. लिहिणाऱ्याने अर्जावरचे जामीनदार लिहिले, तो अर्ज फक्त मी पाहिला होता, घरी जाऊन मीच बोलले. पायरीवर बसलेला माझा नवरा होता.

“लिहिलं आमोदने,” ती म्हणाली. “पण मी सरोजवर जळत नसते, तर त्याला ते सुचलं नसतं. अण्णा, दोन्ही नावं घ्या.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तुमच्या नोकरीचं मंडळ नंतर ठरवील, म्हणाले, आधी फळा. त्यांनी मजकूर सांगितला आणि वैदेहीने बाहेर जाऊन, भरल्या पेठेसमोर, सहावं नाव पुसून तो लिहिला. सौ. सकपाळ यांची थकबाकी नाही, त्यांचं नाव आमोद पोतनीस यांनी खोटं लिहिलं. एवढंच अण्णांनी सांगितलं होतं. त्याखाली तिने आपलं नाव आपणहून जोडलं. मागे उभ्या बायकांपैकी कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. लहानपणापासून ओळखणारी माणसं तिथे होती.

ती आत आली तोवर दुसरी अडचण उभी राहिली होती. अनुपमाचं पत्र टेबलावर होतं. अर्जाला एकच जामीनदार उरला. सोनबा म्हातारा झाला, इतक्या मोठ्या रकमेला नियम त्याला घेऊ देत नव्हता.

“मी राहते,” वैदेही म्हणाली. “माझ्या पगारातून कापा.”

अण्णा नाइलाजाने म्हणाले, की जामीनदाराचे स्वतःचे हप्ते वेळेवर लागतात. टीव्हीचे तिचे गेल्या तीन वर्षांत किती वेळा थकले, हे टीव्हीला कर्ज देणाऱ्या शेजारच्या संस्थेने त्यांना कळवलं होतं. हा नियम वैदेही स्वतः लोकांना सुनावत आली होती. आज पहिल्यांदा तिला कुणाला काही द्यावंसं वाटलं, आणि तिच्याकडे द्यायला पत नव्हती.

दारातून राजेश आत आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने टेबलावरचं पेन उचललं आणि सही कुठे करायची ते विचारलं.

एक संचालक म्हणाला, अहो, गाळा तुम्हालाच हवा होता ना?

“हवा होता,” राजेश म्हणाला. “पण सकाळपासून पेठ मला चोर म्हणतेय. फळ्यावर काहीही लिहा. आता तो गाळा घेतला तर माझ्या नातवापर्यंत म्हणतील, बाईचं नाव घालवून घेतला. आणि धोका काय आहे मला? ही बाई हप्ता चुकवील म्हणून मी दहा वर्षं वाट बघतोय. चुकवत नाही.”

त्याने सही केली. सरोजने पदराने डोळे टिपले, त्या दिवसात पहिल्यांदाच. कर्ज मंजूर झालं, संचालक चहाला उठले. वैदेही अर्जाचे कागद गोळा करत खाली मान घालून उभी होती. सरोज तिच्याजवळ आली. वैदेहीने मनाची तयारी केली होती. सरोज जे बोलेल ते ऐकून घ्यायचं.

“बाई, त्या टीवीचा हप्ता आता पाच तारकेच्या आत भरत जावा,” सरोज हळूच म्हणाली. “एक वर्स, दोन वर्सं, एकपन चुकवू नका. मंग घराच्या कर्जाला जामीन लागला तर माज्याकडं या. मी राहीन.”

हिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैदेहीला वाटलं. शिवीला उत्तर देता आलं असतं. तिचा तोच जुना मत्सर पुन्हा जागा झाला, की हिच्याकडे हेसुद्धा आहे. पण या वेळी तो गिळून वैदेहीने सरोजकडे नीट पाहिलं.

“येईन,” ती म्हणाली.